सागरतळाची ठेव : घ्यावी की राहू द्यावी?

मोबाइल फोन आज आपल्या घरातील जवळजवळ प्रत्येकाच्या हाती आहे. अनेकांच्या दारात बॅटरीवर चालणारी स्कूटर उभी राहू लागली आहे. ह्या वस्तूंच्या पोटात तांबे, निकेल, कोबाल्ट, मँगनीज असे धातू असतात. आजवर हे धातू जमिनीतून निघत आले. आता ते समुद्राच्या तळातून काढण्याची तयारी जगभर चालू आहे. आपला देशही त्या तयारीत पुढच्या रांगेत आहे. वर्तमानपत्रात ह्याविषयी अधूनमधून बातमी येते. आपण ती वाचतो, शास्त्रज्ञांचे कौतुक करतो आणि पान उलटतो.

परंतु ह्या बातमीत एक प्रश्न दडलेला आहे, आणि तो केवळ शास्त्रज्ञांचा किंवा सरकारचा नाही. जी वस्तू कोणी पाहिलेली नाही, जी कोणा एकाच्या मालकीची नाही आणि जी एकदा घेतली की पुन्हा तशी होणार नाही, ती केवळ आपल्याला काढता येते म्हणून काढावी का? समुद्राच्या काठी पिढ्यानपिढ्या राहिलेल्या आपल्यासारख्या लोकांनी तरी हा प्रश्न दुसऱ्यांवर सोपवून मोकळे होऊ नये, असे आम्हांला वाटते.

काळोखातील गोळे

समुद्राच्या पृष्ठभागापासून हजार मीटर खाली गेले की सूर्याचा प्रकाश संपतो. त्याच्याही खाली, चार ते सहा हजार मीटर खोलीवर, चिखलाची विस्तीर्ण मैदाने पसरलेली आहेत. तेथील पाणी बर्फाच्या जवळपास थंड असते. ह्या मैदानांवर बटाट्याएवढे काळपट गोळे विखुरलेले असतात. इंग्लंडचे ‘चॅलेंजर’ हे जहाज १८७२ ते १८७६ ह्या काळात जगभरचे समुद्र तपासत फिरले, तेव्हा तळ खरवडणाऱ्या जाळ्यात हे गोळे प्रथम वर आले. शास्त्रज्ञ त्यांना ‘नोड्यूल’ म्हणतात.

हे गोळे तयार कसे होतात? शार्क माशाचा एखादा दात किंवा शिंपल्याचा तुकडा तळाशी पडतो. पाण्यात विरघळलेले धातू त्याच्याभोवती थरावर थर बसू लागतात. ही वाढ इतकी मंद असते की दहा लाख वर्षांत थर जेमतेम काही मिलिमीटर जाड होतो. मुठीत मावणारा एक गोळा म्हणजे कोट्यवधी वर्षांचे काम! माणसाचा पृथ्वीवर मागमूसही नव्हता, तेव्हापासून हे काम तेथे शांतपणे चालू आहे.

गोळ्यांखेरीज आणखी दोन ठिकाणी समुद्रात धातू सापडतात. पाण्याखालच्या डोंगरांवर कोबाल्टयुक्त खडकाचा कठीण पापुद्रा असतो. आणि समुद्रतळाला जेथे भेगा आहेत, तेथे गरम पाण्याचे झरे उसळतात. त्यांच्याभोवती तांबे, जस्त, कधी सोने-चांदीही साचते. असे झरे १९७७ साली प्रशांत महासागरात गालापागोस बेटांजवळ प्रथम दिसले. सूर्यप्रकाश नसलेल्या त्या जागी जीवसृष्टी गजबजलेली पाहून शास्त्रज्ञ थक्क झाले होते.

आपला देश आणि त्याची यंत्रे

ह्या कामाची भारतातील सुरुवात आपल्या शेजारी, गोव्यात झाली. दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या ‘गवेषणी’ ह्या जहाजाने २६ जानेवारी १९८१ रोजी हिंदी महासागराच्या तळातून पहिले गोळे वर आणले. प्रजासत्ताक दिनीच ते हाती लागले, ह्याचा तेव्हा सर्वांना मोठा अभिमान वाटला. पुढे १९८७ साली संयुक्त राष्ट्रांच्या व्यवस्थेत ‘अग्रणी गुंतवणूकदार’ असा दर्जा मिळवणारा भारत हा पहिला देश ठरला. आज मध्य हिंदी महासागरातील ७५,००० चौरस किलोमीटर तळावर संशोधन करण्याचा करार आपल्या देशाकडे आहे. हे क्षेत्र जवळजवळ महाराष्ट्राच्या चौथ्या हिश्श्याएवढे भरते! तेथे सुमारे ३८ कोटी टन गोळे असावेत असा अंदाज आहे. त्यांत ४७ लाख टन निकेल, ४३ लाख टन तांबे आणि साडेपाच लाख टन कोबाल्ट असल्याचे सांगितले जाते.

एवढ्या खोलवर पोहोचायचे कसे? पाच हजार मीटरवर पाण्याचा दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ५०० किलो असतो. आपल्या अंगठ्याच्या नखावर पाच माणसे उभी राहावीत, तसा. म्हणून आधी जहाजावरून ध्वनिलहरी सोडून तळाचा नकाशा काढतात. नंतर माणसाशिवाय चालणारी यंत्रे खाली पाठवून छायाचित्रे घेतात. चेन्नईच्या राष्ट्रीय सागर तंत्रज्ञान संस्थेने ‘वराह’ नावाचे रांगणारे यंत्र तयार केले आहे. २०२१ साली ते मध्य हिंदी महासागरात ५,२७० मीटर खोल तळावर चालवून पाहण्यात आले. त्याच वर्षी केंद्र सरकारने ‘डीप ओशन मिशन’ ह्या पाच वर्षांच्या योजनेसाठी ४,०७७ कोटी रुपये मंजूर केले. तिच्यात ‘मत्स्य ६०००’ ही पाणबुडी बांधली जात आहे. टायटॅनियम धातूच्या २.१ मीटर व्यासाच्या गोळ्यात बसून तीन माणसे सहा हजार मीटर खाली जातील, अशी ती योजना आहे. त्याच्या पूर्वतयारीसाठी ऑगस्ट २०२५ मध्ये दोन भारतीय फ्रान्सच्या पाणबुडीतून अटलांटिक महासागरात उतरले. एक चार हजार मीटरच्या आणि दुसरा पाच हजार मीटरच्या खाली जाऊन सुखरूप परत आला.

प्रत्यक्ष खाणकाम कसे चालेल? बुलडोझरएवढे किंवा त्याहून मोठे यंत्र तळावर फिरेल. गोळ्यांबरोबर वरचा चिखलही ते ओढून घेईल. जाड नळीतून हा सगळा माल चार-पाच किलोमीटर वर जहाजात खेचला जाईल. गोळे जहाजावर राहतील, आणि उरलेले गढूळ पाणी पुन्हा समुद्रात सोडले जाईल. २०२२ साली प्रशांत महासागरात एका कंपनीने अशा चाचणीत सुमारे तीन हजार टन गोळे वर काढले. तात्पर्य, हे आता केवळ स्वप्न राहिलेले नाही. मात्र २०२५ सालापर्यंत तरी जगात कोठेही खोल समुद्रातील ह्या गोळ्यांचे व्यापारी खाणकाम सुरू झालेले नव्हते. ही गोष्ट आपण लक्षात ठेवू. तिच्याकडे आपल्याला परत यायचे आहे.

हा तळ कोणाचा?

किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांपर्यंतच्या संपत्तीवर त्या त्या देशाचा हक्क असतो. काही ठिकाणी तळावरचा हक्क त्याहीपुढे जातो. त्यापलीकडच्या सागरतळाचे काय? १ नोव्हेंबर १९६७ रोजी माल्टा ह्या छोट्या देशाचे प्रतिनिधी आर्विद पार्डो संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत उभे राहिले आणि ह्या प्रश्नावर दीर्घ भाषण केले. ज्यांच्याकडे यंत्रे आहेत असे मूठभर देश हा तळ आपापसांत वाटून घेतील, अशी त्यांना भीती होती. म्हणून हा तळ साऱ्या मानवजातीचा सामाईक वारसा मानावा, असे त्यांनी सुचवले. हा विचार १९८२ च्या सागरी कायद्याच्या करारात आला. करार १९९४ साली अमलात आला आणि जमैकामधील किंग्स्टन येथे आंतरराष्ट्रीय सागरतळ प्राधिकरण स्थापन झाले. पलीकडच्या सागरतळावरील खनिजांचे नियमन करणे, मिळकतीचा वाटा गरीब देशांनाही मिळेल असे पाहणे आणि सागरी जीवनाचे रक्षण करणे, ही कामे ह्या प्राधिकरणाकडे सोपवण्यात आली.

गेल्या काही वर्षांत मात्र ह्या व्यवस्थेवर ताण आला आहे. खाणकामाचे नियम पूर्ण करण्यास देशांना अनेक वर्षे जमलेले नाही. २०२५ पर्यंत ३५ हून अधिक देशांनी ‘घाई नको, तूर्त थांबा’ अशी भूमिका घेतली. दुसरीकडे अमेरिका ह्या करारात कधी सामील झालीच नाही. एप्रिल २०२५ मध्ये तिच्या अध्यक्षांनी सागरतळातील खाणकामाला वेग देण्याचा आदेश काढला, आणि पाच दिवसांतच एका कंपनीने आंतरराष्ट्रीय प्राधिकरणाला बाजूला ठेवून अमेरिकेकडे परवानगीचा अर्ज केला.

आपल्या गावांत गुरचरण जमिनीचे काय झाले, ते आपण पाहिले आहे. ती सर्वांची होती. म्हणून कोणी एकाने तिची राखण केली नाही. मग एकाने कुंपण थोडे पुढे सरकवले, दुसऱ्याने भराव टाकला, आणि जाग आली तेव्हा गुरांना उभे राहायलाही जागा उरली नव्हती. ‘सर्वांचे’ ह्याचा अर्थ ‘कोणाचेच नाही’ असा घेतला की असे होते. वारसा ह्या शब्दात मात्र दुसरा अर्थ आहे. वडिलोपार्जित घर आपले असते, पण ते पुढच्या पिढीच्या हाती द्यायचेही असते. त्यात राहण्याचा हक्क आपल्याला असतो, ते मोडून तुळया विकण्याचा नसतो. साऱ्या मानवजातीच्या वारशाबद्दल होकार देताना ज्यांचा जन्म अजून व्हायचा आहे त्यांच्यातर्फे कोण बोलणार? हा प्रश्न पार्डो ह्यांच्या भाषणाइतकाच आजही ताजा आहे.

‘घ्यावे’ म्हणणाऱ्यांची बाजू

जे लोक हे खाणकाम व्हावे म्हणतात, ते सगळेच लोभी आहेत असे मानणे अन्यायाचे होईल. त्यांचे म्हणणे आपण नीट ऐकले पाहिजे.

ते म्हणतात, कोळसा आणि पेट्रोल जाळून आपण हवामान बिघडवले. त्यातून बाहेर पडायचे तर बॅटऱ्या हव्यात, आणि बॅटऱ्यांना धातू हवेत. जमिनीवरचे खाणकाम काय पुण्याचे आहे? जगातील बहुतांश कोबाल्ट आफ्रिकेतील काँगो देशातून येते, आणि तेथील हाताने खोदलेल्या खाणींत लहान मुले राबताना आढळली आहेत. जगाच्या निम्म्याहून अधिक निकेल आता इंडोनेशियातून येते, आणि त्यासाठी तेथील जंगले तोडली जात आहेत. समुद्राच्या तळाशी ना गाव उठवावे लागते, ना झाड तोडावे लागते.

गोव्याचे उदाहरण तर आपल्या डोळ्यांसमोर आहे. लोहखनिजाच्या लाल धुळीने तेथील शेते माखली, झरे आटले. २०१२ साली खाणी बंद झाल्या आणि २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने ८८ परवाने रद्द केले. पण त्याबरोबर ट्रक चालवणाऱ्या, बार्ज चालवणाऱ्या हजारो कुटुंबांची मिळकतही थांबली. त्यांत अपराध कोणाचा आणि शिक्षा कोणाला, हा प्रश्न तेथे अनेकांना पडला.

शिवाय कोबाल्ट आणि निकेलसाठी आपला देश जवळजवळ पूर्णपणे आयातीवर अवलंबून आहे. श्रीमंत देशांनी शंभर-दीडशे वर्षे पृथ्वी खणून आपली घरे भरली. आता आपली पाळी आली तेव्हा संयमाचा उपदेश कशाला, असे कोणी विचारले तर त्याला चटकन उत्तर देता येत नाही. ज्याचे पोट भरले आहे त्याने उपाशी माणसाला उपवासाचे महत्त्व सांगू नये.

ही बाजू खरी आहे आणि तिचे वजन मोठे आहे. तरीही तिच्यात एक पायरी सुटलेली आहे. काँगोतील मुलाची सुटका समुद्र खणून होईल, असे कोण सांगू शकतो? नवी खाण उघडली म्हणून जुनी खाण बंद होते, असा अनुभव नाही. बहुतेक वेळा दोन्ही चालू राहतात आणि धातू स्वस्त झाला की आपण तो अधिक वापरतो. त्या मुलाला न्याय हवा असेल, तर तो त्याच्या खाणीतच मिळवून द्यावा लागेल.

तळाशी राहणारे

‘तेथे खाली आहे तरी कोण?’ असे कोणी म्हणेल. हवाई बेटे आणि मेक्सिको ह्यांच्या मधल्या ज्या भागात सर्वांत जास्त गोळे आहेत, तेथील जीवांची मोजदाद २०२३ साली प्रसिद्ध झाली. तिच्यानुसार तेथे साडेपाच हजारांहून अधिक जाती आढळल्या, आणि त्यांपैकी दहातील नऊ जातींना विज्ञानाने अजून नावही दिलेले नाही. ज्याचे नाव आपल्याला ठाऊक नाही, त्याला पुसून टाकायची तयारी चाललेली आहे.

२०१६ साली हवाईजवळ ४,००० मीटरहून खोल जागी एक पांढराफटक, नाजूक ऑक्टोपस दिसला. भुतासारखा दिसतो म्हणून त्याला ‘कॅस्पर’ हे कार्टूनमधल्या भुताचे लाडके नाव पडले. पेरू देशाजवळच्या समुद्रात असे ऑक्टोपस आपली अंडी मेलेल्या स्पंजांच्या देठांवर घालून त्यांना विळखा घालून राखत बसलेले दिसले. ते स्पंज उगवतात कशावर? ह्याच धातूच्या गोळ्यांवर. मऊ चिखलाच्या त्या मैदानात पाय रोवायला दुसरी टणक जागाच नाही. गोळा उचलला की स्पंज गेला आणि स्पंज गेला की त्या आईची अंडी ठेवण्याची जागा गेली.

आपल्या हिंदी महासागरातील गरम झऱ्यांजवळ एक गोगलगाय राहते. तिच्या पायावर लोहयुक्त खवल्यांचे चिलखत असते. असा प्राणी जगात अन्यत्र कोठेही माहीत नाही. २०१९ साली तिची नोंद संकटग्रस्त जातींच्या आंतरराष्ट्रीय यादीत झाली. समुद्रातील खाणकामाचा धोका हे त्यामागचे कारण होते. त्या कारणासाठी यादीत आलेला तो पहिलाच जीव.

आणि झालेली हानी भरून येते का? १९७९ साली प्रशांत महासागरात एका यंत्राने तळाची एक पट्टी खरवडून पाहिली होती. ४४ वर्षांनी, २०२३ साली शास्त्रज्ञ तेथे परत गेले. यंत्राच्या चाकोऱ्या काल पडल्यासारख्या दिसत होत्या. काही लहान जीव तेथे परतू लागले होते, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पण गोळे परत आलेले नव्हते आणि येणारही नव्हते. २०२२ सालच्या चाचणीनंतर यंत्राच्या वाटेवरील प्राण्यांची संख्या ३७ टक्क्यांनी आणि जातींची विविधता ३२ टक्क्यांनी घटल्याचे २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले. जमिनीवरच्या खाणीत निदान माती भरून झाडे लावता येतात. पाच किलोमीटर खोल काळोखात कोण काय लावणार?

दोन बेटांची कहाणी

नाउरू हे प्रशांत महासागरातील २१ चौरस किलोमीटरचे छोटेसे बेट. तेथे फॉस्फेट ह्या खताच्या खनिजाचा साठा होता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून परक्यांनी तो खणून ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडच्या शेतांना नेला. स्वातंत्र्यानंतर काही वर्षे नाउरूचे लोक जगातील श्रीमंतांत गणले गेले. मग साठा संपत आला, पैसाही गेला आणि बेटाचा बहुतेक मधला भाग टोकदार खडकांचे ओसाड रान होऊन बसला. ह्याच नाउरूने जून २०२१ मध्ये सागरतळ प्राधिकरणाला नोटीस देऊन, दोन वर्षांत खाणकामाचे नियम करा असा आग्रह धरला. त्याला दोष देण्याआधी आपण थांबले पाहिजे. ज्याच्या पायाखालची जमीन दुसऱ्यांनी खाल्ली, त्याने समुद्राकडे हात पसरला. त्याला उपदेश करण्यापूर्वी त्याचे देणे कोणी फेडले आहे का?

दुसरी गोष्ट पापुआ न्यू गिनीची. तेथील न्यू आयर्लंड बेटाजवळ १,६०० मीटर खोल गरम झऱ्यांचा पट्टा खणण्याचा परवाना एका कंपनीला २०११ साली मिळाला. सरकारने स्वतः त्यात १५ टक्के भागीदारी घेतली. किनाऱ्यावरचे लोक विचारत होते, आमच्या माशांचे काय? तेथे शार्क माशाला हाका मारून होडीजवळ बोलावण्याची जुनी परंपरा आहे. समुद्र ढवळला तर शार्क येणार कसे? ह्या लोकांच्या बाजूने तेथील ख्रिस्तसभा उभी राहिली. कार्डिनल जॉन रिबाट ह्यांनी ह्या प्रकल्पाला जाहीर विरोध केला. अखेर २०१९ साली कंपनी दिवाळखोरीत गेली. एक दगडही वर आला नाही, पण त्या गरीब देशाचे सुमारे १२ कोटी डॉलर मात्र बुडाले. ज्यांना लाभ मिळेल असे सांगितले होते, त्यांच्याच डोक्यावर शेवटी भार पडला.

कोणत्या मापाने मोजावे?

पवित्र शास्त्रातील ईयोबाच्या पुस्तकाचा २८ वा अध्याय आपण आवर्जून वाचावा. खाणकामाचे इतके जिवंत वर्णन शास्त्रात दुसरीकडे क्वचितच आढळेल. माणूस काळोखात शिरून धातू कसा शोधतो, ते त्यात कौतुकाने सांगितले आहे. माणसाच्या कर्तबगारीला नावे ठेवलेली नाहीत. पण त्यानंतर प्रश्न येतो की शहाणपण कोणत्या खाणीत मिळते? पोप फ्रान्सिस ह्यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’ ह्या विश्वपत्रात हीच चिंता आजच्या भाषेत मांडली. माणसाचे सामर्थ्य वाढले, पण ते सामर्थ्य आवरण्याची त्याची ताकद त्या प्रमाणात वाढलेली नाही, हा त्या पत्रातील एक मुख्य विचार आहे.

खाली जाऊन पाहणे आणि खाली जाऊन घेणे ह्यांत आपण फरक केला पाहिजे. पाहणे हे चांगलेच आहे. आपल्या मुलांपैकी कोणी उद्या त्या पाणबुडीत बसून सहा हजार मीटर खाली गेले, तर साऱ्या धर्मग्रामाने पेढे वाटावेत. परमेश्वराच्या निर्मितीचा एवढा मोठा भाग आपण अजून पाहिलेलाच नाही. मात्र पाहायला जाणारे यंत्र आणि घ्यायला जाणारे यंत्र बहुधा एकाच जहाजावर असते, आणि पैसा पुरवणाऱ्याचे डोळे दुसऱ्यावर असतात. म्हणून जागरूक राहावे लागते.

घेण्याच्या बाबतीत आम्हांला तीन प्रश्न विचारावेसे वाटतात. पहिला, ही गरज आहे की हाव? बॅटरीचे तंत्र वेगाने बदलते आहे. आज अनेक गाड्यांत निकेल आणि कोबाल्ट अजिबात नसलेल्या, लोह-फॉस्फेटच्या बॅटऱ्या बसवल्या जातात. वीस वर्षांनी ज्याची गरज उरणार नाही, त्यासाठी कोट्यवधी वर्षांची ठेव मोडायची का? दुसरा, जे घेतले ते परत करता येईल का? येथे उत्तर स्पष्ट आहे, नाही. आणि तिसरा, जे आधीच घेतले आहे त्याचा हिशेब आपण दिला आहे का? २०२२ ह्या एका वर्षात जगात ६ कोटी २० लाख टन इलेक्ट्रॉनिक कचरा निघाला. त्याचा पाव हिस्साही रीतसर गोळा होऊन पुन्हा वापरात आला नाही. तांबे आहे, कोबाल्ट आहे, सोनेही आहे, आणि ते आपल्या कचराकुंडीत आहे. ज्या कारभाऱ्याने हाती दिलेल्या धनाचा हिशेब दिला नाही, त्याने मालकाकडे नवी तिजोरी उघडून मागावी, हे कोणत्या न्यायात बसते?

‘आपण थांबलो तर दुसरे घेतील’ हे उत्तर आपल्याला नवे नाही. आपल्या कोळी बांधवांनी ते समुद्रावर पुष्कळदा ऐकले आहे. ‘मी लहान पापलेट सोडले तर पुढचा धरील.’ असे म्हणत म्हणत सर्वांनीच धरले आणि आता मोठे पापलेट किती मिळते, ते तांडेलांना विचारा! ह्यावर उपाय एकच ठरला, तो म्हणजे सर्वांनी मिळून पाळायची बंदी. पावसाळ्यात मासे अंडी घालतात म्हणून होड्या किनाऱ्यावर ओढल्या जातात. त्या दिवसांत घरात चणचण असते, तरीही बंदी पाळली जाते, कारण ती सर्वांना सारखी असते. जो ती चोरून मोडतो, त्याच्यावर सगळे बंदर चिडते.

देशांनाही हे जमलेले आहे. अंटार्क्टिका खंडाच्या बर्फाखाली खनिजे असतील हे ठाऊक असूनही १९९१ च्या माद्रिद करारात तेथे खाणकाम करायचे नाही असे ठरले. भारतही त्या करारात आहे. १९८२ साली ठरलेली व्यापारी देवमासेमारीवरील बंदी १९८६ पासून अमलात आली, आणि त्यानंतर काही जातींचे देवमासे पुन्हा वाढले. तेव्हा एकत्र थांबणे अशक्य आहे, असे म्हणता येत नाही.

आणि येथे आपण मघाशी लक्षात ठेवलेली गोष्ट उपयोगी पडते. हे खाणकाम अजून सुरू झालेले नाही. गोव्यात खाणी थांबवल्या तेव्हा हजारो चुली मंदावल्या. खोल समुद्रात आज थांबले तर कोणाचीही चूल विझणार नाही, कोणाचाही हप्ता थकणार नाही. एकदा जहाजे लागली, कर्जे काढली गेली, माणसे कामाला लागली, की मग थांबा म्हणणे कठोर होईल आणि कोणी ऐकणारही नाही. सुरू करण्यापूर्वी थांबणे हाच सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दयाळू मार्ग आहे. तो मार्ग कायमचा खुला राहणार नाही.

आपल्या हाती काय आहे?

आपण धर्मग्रामातील साधी माणसे. किंग्स्टनच्या सभेत आपल्याला कोणी बोलावणार नाही. पण त्या सभेत ज्या मागणीचा आकडा मांडला जातो, तो आपल्या घराघरांतून तयार होतो. फोन चालत असताना केवळ नवा आला म्हणून बदलणे, हा त्या आकड्यातील आपला वाटा आहे. बिघडलेली वस्तू दुरुस्त करून घेऊ या. कपाटात पडलेले जुने फोन, चार्जर आणि बॅटऱ्या भंगारात न टाकता अधिकृत संकलन केंद्रावर देऊ या. आपल्या युवक मंडळाने वर्षातून एका रविवारी मिस्सानंतर अशा वस्तू गोळा केल्या, तर सागरतळाविषयीच्या दहा भाषणांहून ते काम मोलाचे ठरेल.

आपल्या लोकप्रतिनिधींना विचारू या की ह्या तळाविषयी आपला देश काय भूमिका घेणार आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये आपल्या अरबी समुद्राच्या बाजूला असलेल्या कार्ल्सबर्ग पर्वतरांगेच्या संशोधनाचाही करार आपल्या देशाने केला आहे. तेव्हा हा विषय आता फार दूरचा राहिलेला नाही. आणि आपल्या मुलांना समुद्राविषयी शिकू द्या. ज्यांना खाली काय आहे ते ठाऊक असेल, तेच उद्या ‘घ्या’ किंवा ‘राहू द्या’ हे विचारपूर्वक सांगू शकतील.

कदाचित अशी वेळ येईल की सर्व हिशेब देऊन झाल्यावर, सर्व नियम ठरल्यावर, खरोखरच गरज आहे असे दिसेल आणि पुढची पिढी त्यातले थोडे घ्यायचे ठरवील. तो निर्णय तिचा असेल. तो घेता यावा म्हणून ठेव शाबूत राहायला हवी. ती सांभाळून पुढे देणे एवढेच आज आपल्याकडून मागितले जात आहे.